बेलोदेदिच : दोन फायनल, २४० मिनिटं, एकही गोल नाही. यात बघायचं काय?

उजवा_कोपरा

मिओद्राग बेलोदेदिचवर लेख लिहायला घेतला आहे. रुमानियाचा लिबेरो, म्हणजे सगळ्यात मागे मोकळा उभा राहणारा बचावपटू. १९८६ ला स्त्यावा बुखारेस्टकडून युरोपियन कप, १९९१ ला रेड स्टार बेलग्रेडकडून परत तोच कप. एवढं सगळीकडे सापडतं आणि त्यापुढे जो तो दुसऱ्याचं उतरवून काढतो. म्हणून दोन्ही फायनल पहिल्या शिट्टीपासून शेवटपर्यंत बघितल्या. सेव्हिया (१९८६) ०-०, बारी (१९९१) ०-०. दोन्ही वेळा जादा वेळ, दोन्ही वेळा पेनल्ट्या. आणि खरं सांगायचं तर बेलोदेदिच दिसलाच नाही. घसरून चेंडू काढला, गोलरेषेवरून परतवला, असं लक्षात राहावं असं काही सापडेना.

माझे प्रश्न असे. ‘दोन वेगवेगळ्या क्लबांकडून हा कप जिंकणारा पहिला खेळाडू’ हे खरं आहे का? १९९० च्या विश्वचषकात रुमानिया होता आणि हा नव्हता, ते का? एवढं मिळवलेला माणूस स्पेनमध्ये गेल्यावर मागे का पडला? १९९४ ला स्वीडनविरुद्ध हुकलेल्या पेनल्टीचं खापर त्याच्या माथी फोडणं बरोबर का? आणि मुख्य म्हणजे, लिबेरोचा खेळ बघायचा कसा? गोल मारणारा दिसतो, गोली दिसतो. हा माणूस नेमकं करत काय होता?

जुना_पंच

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण तिथे भलेभले घसरतात.

‘कप जिंकणारा पहिला’ असं मोघम लिहू नका. इटलीचा साउल मालात्रासी १९६५ ला इंटरच्या ताफ्यात होता, फायनलच्या अकरात नव्हता. १९६९ ला मात्र तो मिलानकडून फायनल खेळला आणि जिंकला. इंग्लंडचा गोली जिमी रिमर १९६८ ला मँचेस्टर युनायटेडच्या बाकावर बसून होता. १९८२ ला अ‍ॅस्टन व्हिलाकडून फायनलला उतरला तो नवव्या मिनिटालाच दुखापतीमुळे बाहेर. पदकं मोजायची तर हे दोघे बेलोदेदिचच्या आधी येतात. ‘दोन वेगवेगळ्या क्लबांकडून फायनल प्रत्यक्ष खेळून जिंकलेला पहिला’ असं लिहिलंत की कुणाला बोट ठेवायला जागा उरणार नाही. त्याच्या पाठोपाठ वर्षभरात रोनाल्ड कूमन आला (१९८८ पीएसव्ही, १९९२ बार्सिलोना), मग मार्सेल देसाई, ज्याने १९९३ आणि १९९४ अशी लागोपाठ दोन वर्षं दोन क्लबांकडून घेतली.

माझ्या मते याहून वजनदार वाक्य दुसरंच आहे. पूर्व युरोपातल्या क्लबांनी हा कप आजवर दोनदाच जिंकला. एकदा स्त्यावाने, एकदा रेड स्टारने. दोन्ही संघांत समान असलेला खेळाडू एकच, आणि तो दोन्ही वेळा सगळ्यात मागे उभा होता. लेखाची सुरुवात यावरून करा.

आता क्रम. जन्म २० मे १९६४, सोकोल, काराश-सेवेरिन जिल्हा. डॅन्यूबकाठचं, युगोस्लाव्हियाच्या सीमेला चिकटलेलं गाव. घर सर्बियन बोलणारं. ही बाब पुढे कामाची आहे, ती गाळू नका. मिनेरुल मोल्दोवा नोवा हा खाणगावाचा संघ, तिथून लुचाफरुल, म्हणजे महासंघाने होतकरू पोरांसाठी चालवलेला संघ, आणि १९८२ ला स्त्यावा. स्त्यावा हा लष्कराचा क्लब. त्याच्यासह १९८४-८५ पासून सलग चार लीग. ७ मे १९८६ ला सेव्हियात बार्सिलोनाविरुद्ध फायनल, तेव्हा त्याला बावीसही पूर्ण झाली नव्हती. तेरा दिवस कमी होते.

जून १९८६ ते सप्टेंबर १९८९ स्त्यावा देशांतर्गत लीगमध्ये सलग १०४ सामने हरला नाही. त्यातली पहिली अडीच वर्षं बेलोदेदिच संघात होता. मग डिसेंबर १९८८ मध्ये त्याने युगोस्लाव्हियाची सीमा ओलांडली आणि परत आला नाही. लष्कराच्या क्लबाचा खेळाडू पळाला म्हणजे नुसता करारभंग नव्हे. त्याच्या गैरहजेरीत देशद्रोहाचा खटला चालला आणि दहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) वर्षाची बंदी घातली ती वेगळी.

तुमचा १९९० चा प्रश्न इथेच सुटतो. रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट डिसेंबर १९८९ मध्ये कोसळली आणि त्या शिक्षेला अर्थ उरला नाही, पण राष्ट्रीय संघात परत यायला १९९२ उजाडलं. गंमत बघा, इटलीतल्या विश्वचषकात रुमानियाचा प्रशिक्षक होता एमेरिक येनेई. सेव्हियाच्या फायनलला स्त्यावाच्या बाकावर बसलेला तोच. एकूण ५३ आंतरराष्ट्रीय सामने, ५ गोल. मधली चार कोरी वर्षं धरली तर हा आकडा कमी का दिसतो ते कळेल. चोवीस ते अठ्ठावीस, बचावपटूचं भर वय.

शून्य_शून्य

मुख्य प्रश्नाकडे येतो. तुम्हाला तो दिसला नाही यात तुमचा दोष नाही. कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि लिबेरोचं निम्मं काम चेंडू पोहोचायच्या आधी उरकलेलं असतं.

आधी मांडणी समजून घ्या. सेव्हियात स्त्यावाचा गोली दुकादामच्या पुढे चौघे: उजवीकडे योवान, डावीकडे बर्बुलेस्कू, मध्ये बुम्बेस्कू आणि बेलोदेदिच. आजच्या सवयीने आपण म्हणतो दोन सेंटर बॅक. चूक. बुम्बेस्कू स्टॉपर. त्याला माणूस वाटून दिलेला, तो त्याच्या पाठीला चिकटून राहणार, माणूस कडेला गेला तर कडेला, खाली उतरला तर खाली. बेलोदेदिचला माणूसच नाही. तो स्टॉपरच्या मागे सहा ते दहा पावलं, आणि नेहमी चेंडूच्या बाजूला थोडा सरकलेला. गोलच्या बरोबर मध्ये नाही. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या कडेला गेला की तो आपल्या डावीकडे दोन-चार पावलं कलतो. ही दोन-चार पावलं म्हणजेच त्याचा खेळ.

त्याच्याकडे तीन कामं. स्टॉपर चकला तर दुसरा अडसर म्हणून पुढे येणं. पाठीमागे टाकलेला लांब चेंडू उचलणं. आणि चेंडू हाती लागल्यावर तो भिरकावून न देता मधल्या फळीपर्यंत नेणं. पहिली दोन सगळ्याच लिबेरोंना यायची. बेलोदेदिचचं नाव तिसऱ्यामुळे झालं.

आता बघायचं कसं. दोनदा बघायला लागेल.

पहिल्या वेळी फक्त लांब पास पकडा. प्रतिस्पर्ध्याच्या पायातून लांब चेंडू सुटायच्या दोन सेकंद आधी चित्र थांबवा आणि बेलोदेदिच कुठे आहे ते कागदावर टिंब काढून ठेवा. चौकटीत नसेल तर ‘बाहेर’ असं लिहा, तीही नोंदच आहे. मग चेंडू पडेल तिथे दुसरं टिंब. दोन टिंबांमधलं अंतर बघत जा. घसरून टॅकल करायची वेळ त्याच बचावपटूवर येते ज्याची ही दोन टिंबं लांब पडतात. याची जवळ पडतात, म्हणून त्याची चड्डी मळत नाही. टॅकल मोजून बचावपटूची किंमत करायला गेलं तर हा माणूस शेवटच्या नंबरावर येईल. मापच चुकीचं, दुसरं काय.

दुसऱ्या वेळी त्याची मान बघा. गोलकिक, थ्रो-इन, फ्री किक, जिथे जिथे खेळ थांबतो आणि कॅमेरा जरा मागे सरकतो, तिथे तो सापडतो. चेंडू खेळात यायच्या आधी तो किती वेळा खांद्यावरून मागे वळून बघतो ते मोजा. स्टॉपर आपल्या माणसाकडे बघतो. लिबेरोला माणूस, चेंडू आणि मागची मोकळी जागा, तिन्ही बघावं लागतं.

त्या वेळचे नियम डोक्यात ठेवल्याशिवाय मात्र काही गोष्टी भित्र्या वाटतील. एक, १९९२ च्या उन्हाळ्यापर्यंत सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोली हातात घेऊ शकत होता. दोन्ही फायनलमध्ये चेंडू मागे गोलीकडे जाताना दिसला की तुम्हाला वाटेल, वेळकाढूपणा. वेळ तर काढलाच, पण त्यात डावपेचही होता. समोरचा आघाडीपटू दाबायला आला की लिबेरो चेंडू गोलीला देणार, गोली तो उचलणार, आघाडीपटूची धाव वाया. असं दहा वेळा झालं की तो धावायचं सोडतो आणि मग लिबेरोला पुढे चालायला जागा मिळते. सेव्हियात तासाभराने बार्सिलोनाचे पुढचे खेळाडू किती धावतात ते बघा.

दोन, १९९० पर्यंत शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत असलेला आघाडीपटूसुद्धा ऑफसाइड होता. त्या वर्षी नियम बदलला आणि बरोबरीतला ऑनसाइड झाला. म्हणजे सेव्हिया जुन्या नियमाची फायनल, बारी नव्याची. लिबेरो हा शेवटचा माणूस, म्हणून ऑफसाइडची रेषा त्याच्या पायाखालून जाते. स्टॉपर पुढे सरकला आणि लिबेरो मागे रेंगाळला तर सगळ्यांची मेहनत एका माणसापायी फुकट. या व्यवस्थेत सगळ्यात जास्त चुका याच कारणाने व्हायच्या. चेंडू बाहेर काढला की स्टॉपर वर पळतात, दमलेला लिबेरो चालत येतो, चेंडू लगेच परत आत येतो आणि समोरचा मोकळा. म्हणून जादा वेळेत, ११० व्या मिनिटानंतर, चेंडू क्लिअर झाल्यावर बेलोदेदिच चालतो की पळतो, तेवढं बघून घ्या.

उजवा_कोपरा

टिंबांची युक्ती सेव्हियावर करून बघितली. बऱ्याच ठिकाणी ‘बाहेर’ लिहावं लागलं, पण चेंडू पडतो तिथे तो आधीच उभा असतो हे आता दिसायला लागलं. आधी मला वाटत होतं बार्सिलोना वाईट पास देतेय.

बारीच्या बाबतीत मात्र अजून अडकलो आहे. तो सामना बघवत नाही. रेड स्टारकडे प्रोसिनेच्की, सावीचेविच, पांचेव असताना एवढं आखडून का खेळले?

शून्य_शून्य

कारण समोर फ्रान्सचा मार्से. पापां, वॅडल, अबेदी पेले. त्यांनी आधीच्या दोन वर्षांच्या विजेत्या मिलानला उपांत्यपूर्व फेरीत बाहेर काढलं होतं. रेड स्टारचा प्रशिक्षक ल्युप्को पेत्रोविचने ठरवून सामना पेनल्टीकडे नेला. कौतुक करा किंवा नावं ठेवा, बेत तोच होता आणि तो तडीस गेला. मी नावं ठेवणाऱ्यांत आहे. युरोपातला सगळ्यात सुंदर खेळणारा संघ फायनलला जाऊन स्वतःसारखा खेळलाच नाही.

तो संघ खरा कसा होता ते बघायचं तर म्युनिकचा उपांत्य सामना बघा, बायर्न १ रेड स्टार २. आधी गोल खाऊन मग जिंकले. पहिल्या गोलला प्रोसिनेच्कीचा लांब चेंडू उजवीकडे बिनिचला, त्याची आडवी पास, पांचेव. आपल्या अर्ध्यातून तिकडच्या जाळ्यापर्यंत मोजून काही सेकंद. असा प्रतिहल्ला करायचा तर मागे चेंडू जिंकणारा तो शांतपणे देणारा हवा, नुसता लाथाडणारा नको. बेलोदेदिच बेलग्रेडला का लागत होता त्याचं उत्तर तुम्हाला बारीपेक्षा म्युनिकमध्ये मिळेल.

बारीत एक गोष्ट मात्र चुकवू नका. शूटआउट. रेड स्टारचा क्रम प्रोसिनेच्की, बिनिच, बेलोदेदिच, मिहायलोविच, पांचेव. पाचही आत. मार्सेच्या आमोरोसची पहिलीच रेड स्टारचा गोली स्तोयानोविचने अडवली आणि ५-३ ला संपलं. सेव्हियात पेनल्टी न मारलेला माणूस बारीत तिसऱ्या क्रमांकाला गेला. सेव्हियात मारणाऱ्यांची अवस्था आठवा: माज्यारू चुकला, बोलोनी चुकला, लकतुश आणि बालिंतनेच मारल्या, आणि तरी जिंकले, कारण दुकादामने चारच्या चार अडवल्या.

मागची_सीट

स्पेनचं मी सांगतो, कारण तिथे ‘वय झालं’ असं लिहून लोक मोकळे होतात. वय काही झालं नव्हतं. १९९२ ला व्हॅलेन्सियात आला तेव्हा अठ्ठावीस.

आधी तो बेलग्रेडहून निघाला का ते लिहा. १९९१ चा विजेता संघ पुढच्या मोसमात घरच्या मैदानावर युरोपियन कप खेळूच शकला नाही. युद्धामुळे ‘घरचे’ सामने हंगेरी आणि बल्गेरियात. डिसेंबर १९९१ ला टोकियोत कोलो-कोलोला ३-० हरवून इंटरकॉन्टिनेंटल कप घेतला, आणि त्यानंतर संघ पांगला. मे १९९२ मध्ये निर्बंध आले आणि युगोस्लाव्हिया युरो स्पर्धेतूनच बाहेर.

व्हॅलेन्सियात गुस हिडिंक प्रशिक्षक. आणि इथे दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या. त्याच उन्हाळ्यात बॅक पासचा नियम बदलला. म्हणजे वर शून्य_शून्य यांनी सांगितलेली गोलीबरोबरची जोडगोळी एका रात्रीत निकालात. आता लिबेरोला दाबलं तर मागे सुरक्षित हात नाहीत, तिथे फक्त गोलीचे पाय, आणि त्या पिढीच्या गोलींचे पाय म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. दुसरं, चौघांची सरळ रेषा लावून माणसांऐवजी जागा राखायची पद्धत मिलानच्या यशामुळे सगळीकडे पसरत होती. तिथे दहा पावलं मागे उभा राहणारा माणूस म्हणजे रेषेला पडलेलं भोक. आयुष्यभर मागून बघत आलेल्या खेळाडूला शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायला सांगितलं तर त्याची निम्मी दृष्टी जाते.

पुढे १९९४-९५ वल्लादोलिद, १९९५-९६ व्हियारेआल, तेही दुसऱ्या श्रेणीत, मग मेक्सिकोत अत्लांते. दोन युरोपियन कप घेतलेला माणूस स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत, हे वाचायला वाईट वाटतं, पण पायरी पायरीने बघितलं तर न कळण्यासारखं काही नाही.

जुना_पंच

मागची_सीट, अर्धं मान्य, अर्धं नाही.

बॅक पासच्या नियमाने लिबेरो मेला असं म्हणणं सोपं आहे, पण १९९४ ला रुमानिया याच पद्धतीने विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि १९९६ ला जर्मनीने मातियास झामरला लिबेरो ठेवून युरो जिंकली. त्याच वर्षीचा बॅलन डी’ऑरही झामरलाच. नियम बदलून चार वर्षं झाल्यावर. झामर पुढे घुसून मिडफिल्डर व्हायचा, म्हणून तो टिकला, हे खरं. पण चेंडू पायात घेऊन चालणं बेलोदेदिचलाही येत होतंच. त्यामुळे नियम हे पूर्ण कारण होऊ शकत नाही.

लोक विसरतात ती गोष्ट परदेशी खेळाडूंच्या मर्यादेची. युरोपीय संघातल्या खेळाडूंवरची ही मर्यादा उठवणारा बोस्मन निकाल डिसेंबर १९९५ चा. त्याआधी स्पेनमध्ये एका वेळी तीनच परदेशी मैदानावर. व्हॅलेन्सियाकडे आघाडीला पेनेव्ह, सोबत ब्राझीलचा लेओनार्दो, आणि १९९३ ला मियातोविच आला. तीन जागा. प्रशिक्षक असाल तर परदेशी जागा गोल करणाऱ्याला द्याल की मागे उभा राहणाऱ्याला? बचावपटू देशातला मिळतो. पूर्व युरोपातल्या बचावपटूंना त्या काळी कठीण गेलं त्यात या हिशेबाचा वाटा मोठा. रेषेचा मुद्दा मात्र मला पटतो.

दुसरा_पोस्ट

१९९४ वर कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. खापर अजिबात फोडू नका, आणि का ते मिनिटांसकट लिहा.

त्या स्पर्धेत रुमानियाची मागची मांडणी अशी: बेलोदेदिच लिबेरो, पुढे प्रोदान आणि मिहाली माणसं धरून, उजवीकडे पेत्रेस्कू, डावीकडे सेलिमेश. त्यांच्यापुढे पोपेस्कू आणि लुपेस्कू. ही रचना भरात असली की हाजी आणि दुमित्रेस्कू यांना मागे धावायची गरजच पडायची नाही. कोलंबिया ३-१, अर्जेंटिना ३-२, दोन्ही त्यावरच जिंकले. बिघडली की कशी बिघडते ते स्वित्झर्लंडविरुद्ध बघा, १-४. माणूस धरणाऱ्या बचावात मधल्या फळीतून धावत येणारा दुसऱ्या लाटेतला खेळाडू कुणाचाच नसतो. दोघे एकदम आले तर लिबेरो एकालाच अडवू शकतो. त्या सामन्यानंतर प्रशिक्षक योर्दनेस्कूने गोली बदलला, स्तेलेया जाऊन प्रुनेया आला.

१० जुलै १९९४, स्टॅनफर्ड, स्वीडनविरुद्ध उपांत्यपूर्व. ७८ व्या मिनिटाला स्वीडनचा ब्रोलीन. फ्री किक होती. श्वार्त्स चेंडूवरून नुसता धावत गेला आणि मिल्डने भिंतीच्या कडेने चेंडू सरकवला. ब्रोलीन भिंतीच्या मागून निघाला. प्रत्येकजण उंच चेंडूची वाट बघत आपापला माणूस धरून उभा, आणि जमिनीवरून येणाऱ्या चेंडूसाठी मोकळा माणूसच नाही. ८८ ला रदुचोयूने बरोबरी केली, १०१ ला पुन्हा रदुचोयू, २-१. त्यानंतर लगेच श्वार्त्सला लाल कार्ड. म्हणजे स्वीडन दहा जणांवर आणि रुमानिया पुढे. सामना खिशात होता. ११५ व्या मिनिटाला रोलंड निल्सनने लांबून चेंडू टाकला, प्रुनेया पुढे निघाला, पोहोचला नाही, आणि केनेट अँडरसनने डोक्याने त्याच्यावरून आत घातला.

सामना तिथे निसटला. लांबून आलेल्या उंच चेंडूवर गोलीने ‘माझा’ म्हटलं की लिबेरोने थांबायचं, आणि गोलीने म्हटलं की त्याने पोहोचायचंच. अर्धवट निघणं हा सगळ्यात वाईट पर्याय. प्रुनेया थांबला असता तर अँडरसनला तेवढ्या लांबून हेडरने मारावं लागलं असतं.

आता पेनल्ट्या, क्रमाने. मिल्डने वरून मारली. रदुचोयू आत. अँडरसन, हाजी, ब्रोलीन, लुपेस्कू, इंगेसन, सगळे आत. इथवर रुमानिया फायद्यात. मग पेत्रेस्कूची स्वीडनचा गोली रावेलीने अडवली. निल्सन आत, दुमित्रेस्कू आत, ४-४. सहावी: लार्सन आत, बेलोदेदिचची रावेलीने अडवली. ५-४. शेवटची म्हणून तीच दाखवतात. फायदा गेला तो पेत्रेस्कूच्या वेळी, पण त्याचं नाव कुणी काढत नाही. आणि बेलोदेदिचची ‘घातली नाही तर संपलं’ अशी पेनल्टी होती. बारीत तिसरी मारताना संघ पुढे होता. या दोन पेनल्ट्यांना एका मापाने मोजणं बरोबर नाही.

जुना_पंच

दुसरा_पोस्ट यांच्या नोंदीत माझी काही भर नाही. लेखासाठी थोड्या किरकोळ सूचना, ज्यावरून वाचक टपली मारतात.

नाव ‘बेलोदेदिच’ असंच लिहा. रुमानियन लेखनात शेवटी एक इकार दिसतो तो जवळजवळ उच्चारत नाहीत, म्हणून ‘बेलोदेदिची’ नको. सर्बियन नोंदींत हेच आडनाव वेगळ्या अक्षरांनी संपतं. शोधताना दोन्ही रूपं टाका, नाहीतर बेलग्रेडची वर्षं हाती लागणार नाहीत. स्त्यावाच्या बाबतीत आणखी गोंधळ. नाव आणि वारसा कुणाचा यावर लष्कराचा क्लब आणि आजचा एफसीएसबी यांच्यात कोर्टकचेरी झाली आहे. काही तक्ते १९८६ चा कप एकाच्या नावावर लावतात, काही दुसऱ्याच्या. तुम्ही ‘तेव्हाचा स्त्यावा बुखारेस्ट’ लिहून पुढे जा, त्या भांडणात शिरू नका.

कारकीर्द मेक्सिकोवर संपवू नका. १९९८ ला तो स्त्यावात परतला, ज्या क्लबातून पळाला म्हणून दहा वर्षांची शिक्षा झाली त्याच क्लबात, आणि २००१ ला लीग जिंकून थांबला. १९९८ च्या विश्वचषकात नव्हता, युरो २००० ला मात्र होता, छत्तिसाव्या वर्षी. त्याच संघात एकोणीस वर्षांचा डाव्या पायाचा एक पोरगा होता, क्रिस्तियान किवू. (‘चिवू’ नव्हे. रुमानियनमध्ये त्या अक्षरांचा उच्चार ‘कि’ होतो.) किवू रेशित्साचा, म्हणजे त्याच काराश-सेवेरिन जिल्ह्याच्या मुख्य गावचा. दहा वर्षांनी, २२ मे २०१० ला, किवू इंटरकडून बायर्नविरुद्ध फायनल खेळला आणि जिंकला, डावा बॅक म्हणून, समोर रोबेन, डोक्यावर कवटीच्या शस्त्रक्रियेनंतरची संरक्षक टोपी.

शून्य_शून्य

किवूचा मुद्दा चांगला काढलात. उजवा_कोपरा, लेखात वापरणार असाल तर एक फरक स्पष्ट करा. किवू लिबेरो नव्हता. आयाक्समध्ये तो चौघांच्या रेषेतला स्टॉपर, पण मागून लांब पास देणारा. लिबेरो ही जागा गेली, तिचं तिसरं काम राहिलं, आणि ते रेषेतल्या एकाकडे आलं. किवूसारख्याकडे.

टिंबांचा प्रयोग किवूवर करायचा असेल तर २८ एप्रिल २०१० चा इंटरचा बार्सिलोनातला उपांत्य सामना घ्या. पांदेव सरावात दुखावला म्हणून किवू ऐन वेळी त्याच्या जागी, डाव्या बगलेला, आणि २८ व्या मिनिटाला मोत्ता बाहेर गेल्यावर इंटर दहा जणांवर. तिथे चेंडू फारसा हातात नव्हताच. उभं कुठे राहायचं, एवढंच काम. आणि या सामन्यात कॅमेरा बराच मागे आहे, ‘बाहेर’ कमी वेळा लिहावं लागेल.

उजवा_कोपरा

आधी बारी परत बघतो, फक्त ११० व्या मिनिटानंतरची. पेनल्टीच्या आधीपर्यंत तो चालतो की पळतो ते लिहून इथे टाकतो.